जिवंत पेशी मृत पेशींपासून वेगळ्या करणे: फायकोल पद्धतीचा क्रम आणि नेहमी बिघडणाऱ्या जागा

कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत पोषक द्रवात वाढवलेल्या पेशींत, मृत पेशी वाढल्या की त्यांचा त्रास केवळ मोजणीपुरता राहत नाही. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेला डीएनए चिकट असल्याने तो जिवंत पेशींच्याही गुठळ्या करतो, फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी लेसरपुढून नेऊन तपासण्याच्या पद्धतीत) मृत पेशी अँटिबॉडी विनाकारण धरून ठेवतात, ट्रान्सफेक्शन (पेशीत बाहेरून डीएनए घालणे) मंदावते, आणि दर पेशीमागे काढलेला प्रत्येक आकडा फसवा ठरतो. अशा वेळी तरंगत वाढणाऱ्या पेशींसाठी, म्हणजे जुरकॅट, के-५६२ (दोन्ही रक्ताच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशी) किंवा साठवणीतून काढलेल्या लिंफोसाइटसारख्या पेशींसाठी, फायकोल या ठराविक घनतेच्या द्रावाच्या थरावर पेशी वेगळ्या करणे ही कमी खर्चाची आणि पेशींना फारसा त्रास न देणारी पद्धत आहे. कृती कागदावर सोपी दिसते आणि तिथेच घात होतो: बहुतेक प्रयोगशाळांत ती फसते ती तापमान, ब्रेक आणि घाई या तीन गोष्टींमुळे. म्हणून खाली कृतीइतकाच भर पूर्वतयारीवर दिला आहे.

पद्धतीमागचे कारण एका परिच्छेदात समजून घ्यावे, कारण पुढचा प्रत्येक नियम त्यातूनच निघतो. जिवंत पेशीचे आवरण अखंड असते, त्यामुळे तिची घनता १.०७७ ग्रॅम प्रति मिलिलिटर या फायकोलच्या घनतेहून कमी राहते आणि ती थराच्या वर अडते. मृत पेशीचे आवरण गळके झालेले असते. द्रावातले रेणू आत शिरतात, घनता वाढते आणि ती थर ओलांडून तळाशी जाते. म्हणजे ही विभागणी घनतेवर होते, जीवनमरणावर थेट नव्हे. आवरण अजून शाबूत असलेली पण मरणपंथाला लागलेली पेशी बहुधा जिवंत पेशींबरोबर वरच राहते, आणि स्वभावतःच जड असलेली जिवंत पेशी खाली जाऊ शकते.

## १. आधी मोजणी, मग निर्णय

कोणतीही ट्यूब हाती घेण्यापूर्वी ट्रिपॅन ब्ल्यू या मृत पेशींना निळे करणाऱ्या रंगाने जिवंत पेशींचे प्रमाण काढावे. फ्लास्क हलक्या हाताने फिरवून पेशी सारख्या मिसळाव्यात, नमुना आणि ०.४ टक्के ट्रिपॅन ब्ल्यू समभाग घ्यावे आणि न्यूबाउअर चेंबरमध्ये (पेशी मोजण्याच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीत) कोपऱ्यांतील चार मोठे चौकोन मोजावेत. जिवंत पेशी चकचकीत, गोल आणि कडा स्पष्ट असलेली दिसते. मृत पेशी आतून सबंध निळी भरलेली असते आणि बऱ्याचदा किंचित फुगलेली किंवा ओबडधोबड कडांची असते. फिकट निळ्या पेशींबाबत आधीच एक नियम ठरवून तोच शेवटपर्यंत पाळावा. त्या मृत धराव्यात असे माझे मत आहे. पेशीच्या आकाराहून बरेच लहान निळे तुकडे मोजूच नयेत.

उदाहरणार्थ, चार चौकोनांत मिळून १८४ जिवंत आणि ११६ मृत पेशी आढळल्या, तर जिवंत प्रमाण सुमारे ६१ टक्के झाले. दर चौकोनी सरासरी ४६ जिवंत पेशी, समभाग मिश्रणामुळे गुणिले २, आणि चौकोनाच्या आकारमानामुळे गुणिले १०,०००; म्हणजे दर मिलिलिटरला ९ लाख २० हजार जिवंत पेशी. कल्चर २० मिलिलिटर असेल तर हाती १ कोटी ८४ लाख जिवंत पेशी आहेत. हा आकडा वहीत लिहून ठेवावा. तो नसेल तर शेवटी किती पेशी वाया गेल्या हे सांगताच येत नाही, आणि आश्चर्य म्हणजे बहुतेक जण नेमका हाच आकडा नोंदवत नाहीत.

निर्णयासाठी मी ही ढोबळ विभागणी वापरतो. ९० टक्क्यांच्या वर असल्यास काहीही करू नये, नुसते ताजे मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) द्यावे. ७५ ते ९० टक्क्यांत फक्त तिसऱ्या टप्प्यातली मंद फेरी पुरते. ३० ते ७५ टक्क्यांत फायकोल वापरावे. ३० टक्क्यांखाली पोहोचलेले कल्चर वाचवण्याऐवजी गोठवलेली नवी कुपी उघडणे बहुधा स्वस्त पडते. ती पेशी दुसरीकडे कुठेच नसेल तरच पुढे जावे.

सावधान: ट्रिपॅन ब्ल्यू पेशींना विषारी आहे आणि मिसळल्यानंतर मिनिटे जातील तसतशा जिवंत पेशीही निळ्या होऊ लागतात. मोजणी तीन ते पाच मिनिटांत संपवावी. हा रंग कर्करोगकारक मानला जातो, म्हणून हातमोजे अनिवार्य आहेत.

## २. साहित्य, तापमान आणि सेंट्रिफ्यूजची मांडणी

सगळी तयारी आदल्या तासाभरात पूर्ण करावी, कारण थर रचल्यानंतर थांबायला वाव नसतो. फायकोलची बाटली, मीडियम, पीबीएस (पेशी धुण्याचे क्षारयुक्त बफर द्रावण) आणि पेशी हे सर्व १८ ते २० अंश सेल्सिअसला यायला हवे. फायकोलची १.०७७ ही घनता याच तापमानाची आहे. फ्रिजमधून काढलेले फायकोल जास्त दाट आणि चिकट असते, त्यामुळे मृत पेशी खाली उतरत नाहीत आणि थराच्या वर जमणाऱ्या जिवंत पेशींच्या पट्ट्यात मिसळतात. उलट ते जास्त गरम असेल तर जिवंत पेशीही खाली घसरतात. थंड फायकोलवर ३७ अंशांच्या इनक्युबेटरमधून थेट काढलेल्या पेशी ओतल्या तर दोन थरांच्या सीमेवर प्रवाह उठतात आणि सीमा फिरवण्यापूर्वीच विस्कटते. बाटली उघडण्याआधी काही वेळा हळुवार उलटीसुलटी करून एकजीव करावी आणि उजेडापासून जपावी.

सेंट्रिफ्यूजमध्ये झुलत्या बादल्यांचा रोटर लावावा. स्थिर कोनाच्या रोटरमध्ये थर भिंतीवर तिरका बसतो आणि थांबताना पुन्हा आडवा होताना मिसळतो. यंत्राचे तापमान २० अंशांवर ठेवून दार बंद करावे आणि ते खरोखर तिथे पोहोचू द्यावे. आधीच्या माणसाने ४ अंशांवर चालवलेले यंत्र बटण फिरवल्याक्षणी गरम होत नसते.

वेग आरपीएममध्ये (दर मिनिटाचे फेरे) न लिहिता जी मध्ये (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट बल) लिहावा, कारण तोच आरपीएम वेगवेगळ्या रोटरवर वेगळे बल देतो. सूत्र असे आहे: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएम × आरपीएम. त्रिज्या १६ सेंटिमीटर असेल तर ४०० जी साठी सुमारे १,५०० आरपीएम लागतात. ती १० सेंटिमीटर असेल तर सुमारे १,९००. शेजारच्या प्रयोगशाळेतून उतरवून घेतलेला आरपीएम आपल्या यंत्रावर तसाच चालवणे हे या पद्धतीतले सर्वांत सामान्य अपयश आहे.

तपासणी: ब्रेक शून्यावर आहे का, वेग वाढण्याची पायरी सर्वांत मंद आहे का, तापमान २० आहे का, हे तिन्ही आकडे पडद्यावर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. सामाईक यंत्रावर आदल्या माणसाची मांडणी तशीच राहिलेली असते.

## ३. मंद फेरी: तुकडे बाहेर काढणे

कल्चर १५ किंवा ५० मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये घेऊन १०० जी वर १० मिनिटे फिरवावे. पेशी तळाशी बसतात आणि फुटलेल्या पेशींचे बारीक तुकडे बऱ्याच प्रमाणात वरच्या द्रवात राहतात. वरचा द्रव हलकेच काढून टाकावा, पण तळातल्या पेशींवर अर्धा मिलिलिटर द्रव राहू द्यावा.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मंद फेरीने मृत पेशी निघतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात निघतात ते मुख्यतः तुकडे, अखंड मृत पेशी जिवंत पेशींबरोबरच तळाशी बसतात. म्हणून या फेरीनंतर मोजणीत फारसा फरक न दिसणे हे अपयश नव्हे. तिचा उपयोग तुकडे काढण्यापुरताच आहे, म्हणजे पुढे फायकोल वापरले तर त्याचा थर तुकड्यांनी गढूळ होत नाही.

पेशी ५ ते ८ मिलिलिटर मीडियममध्ये सैल कराव्यात. ट्यूबच्या तळाशी हलक्या टिचक्या माराव्यात आणि मग रुंद तोंडाच्या पिपेटने दोनचारदा वरखाली करावे. जोराने फेस येईपर्यंत ओढले तर आणखी पेशी फुटतात. पिपेटच्या टोकाला चिकट धागा लोंबत असेल तर तो डीएनए आहे. अशा वेळी दर मिलिलिटरला सुमारे १०० युनिट डीएनेज-१ (डीएनए तोडणारे एन्झाइम) घालून १५ मिनिटे थांबावे आणि नंतर ४० मायक्रॉनच्या गाळणीतून गाळावे. या एन्झाइमला मॅग्नेशियम लागते, म्हणून पेशी ईडीटीए (मॅग्नेशियम, कॅल्शियम पकडून ठेवणारे रसायन) असलेल्या द्रावात असतील तर ते काम करत नाही.

सावधान: गुठळ्या असलेले मिश्रण फायकोलवर कधीही चढवू नये. जिवंत पेशींना बांधलेली मृत पेशींची गुठळी सगळ्यांना खाली घेऊन जाते आणि पेशी कुठे गेल्या याचा शोध लागत नाही.

## ४. थर रचणे

१५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये आधी ४ मिलिलिटर फायकोल घालावे. ते ट्यूबच्या मधोमध सोडावे, भिंतीवर थेंब उडू देऊ नयेत. मग ट्यूब ४५ अंशांत तिरकी धरून पिपेटचे टोक फायकोलच्या पृष्ठभागाच्या किंचित वर, भिंतीला टेकवावे आणि ६ ते ८ मिलिलिटर पेशींचे मिश्रण भिंतीवरून ओघळू द्यावे. पहिला एक मिलिलिटर अत्यंत सावकाश, जवळजवळ थेंबाथेंबाने सोडावा. त्याने सीमेवर एक उशी तयार झाली की पुढचा भाग थोडा वेगाने गेला तरी चालतो. इलेक्ट्रिक पिपेटरचा वेग सर्वांत कमी ठेवावा, नाहीतर शेवटचा हवेचा बुडबुडा थर फोडतो.

एका १५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये एकूण २ ते ३ कोटींपेक्षा जास्त पेशी घालू नयेत. ट्यूब वाचवण्यासाठी दुप्पट पेशी घातल्या तर पट्टा जाड होतो, त्यात मृत पेशी अडकतात आणि जिवंत पेशी त्यांच्याबरोबर खाली ओढल्या जातात. वरच्या उदाहरणात जिवंत आणि मृत मिळून ३ कोटी पेशी आहेत. त्या दोन ट्यूबमध्ये वाटाव्यात.

तपासणी: ट्यूब डोळ्यांच्या पातळीवर, मागे काळा कागद धरून पाहावी. वर लालसर मीडियम, खाली पारदर्शक फायकोल आणि मध्ये धारदार रेघ दिसली पाहिजे. सीमेवर ढगाळ भोवरे दिसत असतील तर ती ट्यूब फिरवू नये. मिश्रण दुप्पट मीडियममध्ये घेऊन पेशी खाली बसवाव्यात आणि थर नव्याने रचावा. थर नीट जमला तर दहा मिनिटांच्या आत फिरवायला न्यावा. तो जितका वेळ उभा राहील तितकी सीमा पसरते.

## ५. फिरवणे आणि पट्टा उचलणे

समोरासमोरच्या बादल्यांचे वजन तराजूवर जुळवावे; नजरेने जुळवलेले वजन थरांच्या बाबतीत पुरेसे नसते, कारण फायकोल आणि मीडियमचे वजन सारखे नाही. ४०० जी वर २० मिनिटे, २० अंशांवर, ब्रेकशिवाय फिरवावे. रोटर स्वतःहून थांबायला अनेक मिनिटे घेतो. या काळात यंत्र अडकले असे समजून थांबवण्याचे बटण दाबण्याचा मोह होतो आणि काही यंत्रांवर त्या बटणाने ब्रेक लागतो.

ट्यूब सरळ वर उचलावी, हलवू नये. मीडियम आणि फायकोल यांच्या सीमेवर धुरकट पांढरा पट्टा दिसतो. पेशी कमी असतील तर तो उघड्या डोळ्यांना जेमतेम जाणवतो, म्हणून काळा कागद पुन्हा मागे धरावा. तळाशी मृत पेशींचा पातळ थर असतो. पट्ट्याच्या वरचे मीडियम वरून हळूहळू काढून सुमारे एक सेंटिमीटर शिल्लक ठेवावे. मग नव्या पिपेटचे टोक पट्ट्यात, भिंतीच्या कडेने गोल फिरवत पट्टा ओढून घ्यावा. पेशी मध्यभागापेक्षा भिंतीलगत जास्त जमतात, त्यामुळे मधूनच ओढून घेणाऱ्याच्या हाती निम्म्याही लागत नाहीत.

किती फायकोल बरोबर येते, ही इथली खरी ओढाताण आहे. पट्ट्याखालचे फायकोल जास्त घेतले तर मृत पेशी येतात आणि पुढे धुणे बिघडते. फार जपून घेतले तर जिवंत पेशी मागे राहतात. मी पट्टा आणि त्याखालचा सुमारे अर्धा मिलिलिटर एवढेच घेतो आणि थोड्या पेशी मागे राहिल्या तरी ते सोसतो.

सावधान: पहिल्यांदाच वापरत असलेल्या पेशींच्या बाबतीत तळाचा थर टाकून देऊ नये. तो एक मिलिलिटर मीडियममध्ये घेऊन ट्रिपॅन ब्ल्यूने पाहावा. त्यात जिवंत पेशी बऱ्याच असतील तर त्या पेशी १.०७७ पेक्षा जड आहेत, म्हणजे त्यांना जास्त घनतेचा द्राव लागेल, उदाहरणार्थ १.०८४ चा. द्रावाची घनताच चुकीची असताना हात कितीही सफाईदार असून उपयोग नाही.

## ६. धुणे

गोळा केलेल्या पट्ट्यात किमान तिप्पट मीडियम किंवा पीबीएस घालून दोनतीनदा उलटेसुलटे करावे. इथे कंजूषी करणाऱ्याला पेशी खाली बसत नाहीत असा अनुभव येतो, आणि तो वेग वाढवून ही अडचण सोडवायला जातो. खरे कारण शिल्लक फायकोलमुळे द्रव अजून जड असणे हे असते. ३०० जी वर १० मिनिटे फिरवावे. आता थर नसल्याने ब्रेक चालू केला तरी हरकत नाही.

वरचा द्रव काढावा, पेशी १० मिलिलिटर मीडियममध्ये सैल कराव्यात आणि दुसऱ्यांदा २०० जी वर १० मिनिटे फिरवावे. दुसरी फेरी टाळू नये. फायकोल पेशींसोबत कल्चरमध्ये गेले तर त्यांची वाढ मंदावते, आणि मंदावलेली वाढ पाहून दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. संपूर्ण धुण्यात पेशी फायकोलच्या संपर्कात गरजेपेक्षा जास्त राहणार नाहीत याची काळजी घ्यावी. पट्टा उचलल्यानंतर चहाला जाण्याची ही वेळ नव्हे.

## ७. पुन्हा मोजणी, आज आणि उद्या

धुतलेल्या पेशी २ मिलिलिटरमध्ये घेऊन मोजाव्यात आणि दोन आकडे वेगळे लिहावेत: जिवंत पेशींचे प्रमाण, आणि सुरुवातीच्या जिवंत पेशींपैकी किती परत मिळाल्या. वरच्या उदाहरणात शेवटी १ कोटी १० लाख जिवंत पेशी मिळाल्या आणि प्रमाण ९२ टक्के झाले, तर शुद्धता उत्तम आणि परतावा सुमारे ६० टक्के. केवळ ९२ हा आकडा पाहून खूश होणे चुकीचे, कारण चाळीस टक्के जिवंत पेशी कुठे गेल्या हे कळल्याशिवाय पुढच्या वेळी कृती सुधारत नाही. बहुतेक वेळा त्या पट्टा उचलताना किंवा धुताना जातात.

पेशी ३ ते ५ लाख प्रति मिलिलिटर या घनतेने, २० टक्के सीरम असलेल्या ताज्या मीडियममध्ये ठेवाव्यात आणि २४ तासांनी पुन्हा मोजाव्यात. ही दुसरी मोजणी ऐच्छिक समजू नये. ट्रिपॅन ब्ल्यू ज्यांना जिवंत ठरवतो त्यांतल्या ॲपॉप्टोसिसच्या (पेशीच्या नियोजित मृत्यूच्या) सुरुवातीच्या अवस्थेतल्या पेशी दुसऱ्या दिवशी निळ्या होतात. ९२ चे ७५ झाले तर वेगळे करण्यात चूक नव्हती, पेशी आधीच मरणाच्या वाटेवर होत्या. महत्त्वाचा प्रयोग त्याच संध्याकाळी लावण्याऐवजी या २४ तासांनंतर लावावा.

## फायकोल जिथे चालत नाही

पृष्ठभागाला चिकटून वाढणाऱ्या पेशींत मृत पेशी बहुतांशी सुटून तरंगू लागतात, त्यामुळे मीडियम काढून कॅल्शियम-मॅग्नेशियमयुक्त पीबीएसने दोनदा हलके धुणे हाच बरा मार्ग. मात्र काढलेला द्रव एकदा तरी ट्रिपॅन ब्ल्यूने पाहावा. विभाजनाच्या वेळी पेशी गोल होतात आणि पकड सैल होते, त्यामुळे जोराने धुतल्यास नेमक्या वाढत्या पेशी जातात.

ॲपॉप्टोसिसच्या सुरुवातीच्या पेशी काढायच्या असतील तर ॲनेक्सिन-५ हे प्रथिन लावलेल्या चुंबकीय मण्यांचा संच लागतो. मरणाऱ्या पेशीच्या बाह्य पृष्ठभागावर फॉस्फॅटिडिलसेरिन हे आवरणातले मेदद्रव्य येते, मणी त्याला चिकटतात, पेशी चुंबकीय स्तंभात अडकतात आणि जिवंत पेशी खाली वाहून येतात. प्रचलित संचांत १ कोटी एकूण पेशींना १०० मायक्रोलिटर मणी घेऊन खोलीच्या तापमानाला १५ मिनिटे ठेवतात. ही बांधणी कॅल्शियमवर अवलंबून आहे, म्हणून संचातलाच बफर वापरावा. ट्रिप्सिन-ईडीटीएने सोडवलेल्या पेशी आधी न धुता मण्यांत टाकल्या तर ईडीटीए कॅल्शियम पकडतो आणि स्तंभातून सगळेच वाहून जाते. पेशी खरवडून काढल्या असतील तर फाटलेल्या आवरणामुळे चांगल्या पेशीही अडकतात.

एखाद्या प्रयोगासाठी थोड्याच पण अतिशय शुद्ध जिवंत पेशी हव्या असतील तर प्रोपिडियम आयोडाइड किंवा ७-एएडी हे मृत पेशींत शिरणारे रंग लावून सॉर्टरवर (एकेक पेशी निवडणाऱ्या यंत्रावर) निवडणे योग्य. मोठ्या प्रमाणासाठी ते परवडत नाही.

## कल्चर टाकून द्यायचे कधी

वेगळे केलेल्या पेशी ४८ तासांत पुन्हा ७५ टक्क्यांखाली आल्या, तर दुसऱ्यांदा फायकोल लावू नये. आधी कारण शोधावे: पेशी खूप दाट झाल्या होत्या का (जुरकॅट साधारणपणे १ ते १० लाख प्रति मिलिलिटरच्या दरम्यान ठेवाव्या लागतात), मीडियम पिवळे पडेपर्यंत न बदलता ठेवले होते का, सीरमची नवी बॅच आली का. मग मायकोप्लाझ्मा या कल्चरमध्ये शिरणाऱ्या अतिसूक्ष्म जिवाणूची तपासणी करावी. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, आणि मीडियम गढूळ होत नसल्याने नजरेनेही तो दिसत नाही. तपासणी सकारात्मक आली तर ते फ्लास्क आणि त्याच मीडियमच्या बाटलीतून वाढवलेली इतर कल्चरे ताबडतोब वेगळी करावीत, टाकायचा द्रव १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये किमान ३० मिनिटे ठेवून मग फेकावा, आणि गोठवलेल्या जुन्या, तपासलेल्या कुपीपासून सुरुवात करावी. अशी कुपी हाताशी नसेल तर पेशी एखाद्या अधिकृत संग्रहातून, भारतात पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून, मागवाव्यात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या पुरेशा कुपी गोठवून ठेवाव्यात.